काडतूस लाकडी ब्लॉकमध्ये अडकतंय? बिट बदलण्याआधी भोक दोन दिशांनी मोजा

तक्रार नेहमी जवळपास एकाच शब्दांत येते. काडतुसं रांगेत उभी ठेवायला जुन्या लाकडाचा ब्लॉक केला, भोकं पाडली, काडतुसं झक्कास बसली, आणि काही महिन्यांनी तीच काडतुसं त्याच भोकांत अडकायला लागली, दोन-चार तर बोटांनी ओढूनही निघेनात. मग माणूस वैतागून ड्रिलचा एक साइझ मोठा बिट आणतो, सगळी भोकं परत मारतो, आणि पुढच्या सीझनला त्यातलीच निम्मी काडतुसं खुळखुळतात नाहीतर मागच्या रुंद कडेसकट आत धसतात. मग नवीन लाकूड, नवीन ब्लॉक, आणि परत तेच.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत काउबॉय ॲक्शन शूटिंग नावाचा खेळ आहे, सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी म्हणजे सॅस ही त्याची मोठी संस्था, १९८७ पासूनची. लोक एकोणिसाव्या शतकातले कपडे घालून आणि त्याच धाटणीची हत्यारं घेऊन, म्हणजे दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरवाली रायफल, एक शॉटगन, लोखंडी टार्गेटवर घड्याळ लावून नेम मारतात. प्रत्येकाचं एक टोपणनाव असतं आणि क्लबमध्ये सगळे त्याच नावाने हाक मारतात, कित्येकांचं खरं नाव मला आजही माहीत नाही. एका स्टेजला, म्हणजे एका फेरीला, साधारण दहा गोळ्या रिव्हॉल्व्हरच्या (दोन्हीत पाच-पाच, सहावं घर रिकामं आणि घोडा त्या रिकाम्या घरावर), दहा रायफलच्या आणि थोड्या शॉटगनच्या. म्हणून लोडिंग टेबलवर जाताना मोजून लावलेला लाकडी ब्लॉक नेतात, एक ओळ संपली की एक स्टेज संपली, गडबडीत मोजत बसायला नको.

मी ह्यूस्टनला असतो, गॅरेजमध्ये सुतारकाम हा छंद. बंदूक माझ्याकडे नाही, व्हिसावर असताना त्या भानगडीत पडायची इच्छाही नाही कारण केंद्रीय कायदा त्याबाबत चांगलाच कडक आहे. पण क्लबच्या मंडळींना ब्लॉक करून देतो आणि इतरांनी केलेले बिघडलेले ब्लॉकही दुरुस्तीला माझ्याकडेच येतात, त्यामुळे लक्षणं पाठ झालीत.

आधी अडकलेलं काडतूस बाहेर काढा, आणि नीट काढा

जिवंत काडतूस अडकलेल्या ब्लॉकवर हातोडी नाही, ड्रिल नाही, करवत नाही, हेअर ड्रायर किंवा ओव्हन तर अजिबातच नाही. काडतूस नाक खाली करून ठेवलं असेल तर प्रायमर, म्हणजे मागच्या टोकाची ठिणगी पाडणारी टिकली, वर उघडा असतो, त्याला टोकदार काही लागता कामा नये, पक्कड लावायचा मोह पण टाळा. ब्लॉकच्या तळाला आरपार बारीक भोक असेल तर खालून लाकडी काडी घालून शिशाच्या नाकाला हाताच्या जोराने हळू ढकलायचं, निघतं. तसं भोक नसेल तर ब्लॉक घरातल्या दमट खोलीत, कुलपात, काही दिवस नुसता ठेवून द्या. हो, दमट खोलीत, कोरड्या नाही. का ते पुढे येतंय. आणि एकदा ब्लॉक रिकामा झाला की मगच गॅरेजमध्ये न्या, जिवंत काडतुसं ड्रिल प्रेसच्या आसपास पण नकोत. मापं बघायला डमी काडतूस वापरा, म्हणजे दारू आणि प्रायमर नसलेलं. उडवलेल्या काडतुसाची रिकामी केस, म्हणजे पितळी नळी, चालत नाही कारण ती चेंबरमध्ये फुगून आलेली असते, तिच्यावरून माप घेतलं तर भोक उगाच मोठं होतं.

आता मोजा

कॅलिपरचे आतले दात भोकात साधारण पाच मिमी खाली घाला, काठावर मोजू नका कारण काठ घासलेला असतो. एक माप लाकडाच्या रेषांच्या दिशेने, एक रेषांना आडवं. ही दोन मापं समोर असली की निम्मं निदान झालं.

रेषांच्या दिशेचं माप बिटाएवढंच आहे पण आडवं माप कमी आहे, म्हणजे भोक अंडाकृती झालंय: लाकूड आकसलंय. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक ब्लॉकचं हेच असतं.

दोन्ही मापं सारखी आणि दोन्ही कमी: बिट बोथट होता किंवा भोकात पॉलिश साठलंय.

दोन्ही मापं बरोबर पण काडतूस तरी अडकतंय: आत तुसं उभी राहिलीत नाहीतर भोक तिरकं गेलंय.

आडवं माप जास्त आहे: लाकूड फुगलंय, आणि तुमची तक्रार अडकण्याची नसून धसण्याची असणार.

"पण लाकूड दमट हवेत फुगतं ना, मग भोक तेव्हा बारीक व्हायला पाहिजे"

हे मला प्रत्येक जण सांगतो, अमेरिकन पण आणि आपले लोक तर हमखास, कारण आपल्या डोक्यात पावसाळ्यातलं दार असतं. आषाढात दार फुगतं आणि चौकटीत घट्ट बसतं, बरोबर. पण तिथे दार फुगतं आणि चौकट आहे तिथेच असते. भोकाचं उलट असतं. जिथे भोक आहे तिथे पूर्वी लाकडाची चकती होती, ती चकती अजून तिथे असती तर बाकीच्या लाकडाबरोबर फुगली असती, आणि भोक अगदी तेवढंच वाढतं. लाकूड आकसलं की भोक पण आकसतं. म्हणून अडकलेलं काडतूस दमट खोलीत सुटतं. फक्त घाई करून ओलं फडकं गुंडाळू नका, कारण मग पाणी आधी भोकाच्या भिंतीला लागतं, आतलं लाकूड कोरडंच राहतं आणि भिंत आतल्या बाजूला फुगून पकड अजून घट्ट होते. सावकाश, हवेतल्या दमटपणाने.

रेषांच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही, जे काय होतं ते आडवं होतं. आणि किती होतं ते आकड्यांत बघा, कारण लोकांना वाटतं की एवढ्याशा भोकात असा काय फरक पडणार.

पॉइंट ३८ स्पेशल या काडतुसाची पितळी केस ०.३७९ इंच जाड असते, म्हणजे ९.६३ मिमी. पॉइंट ३५७ मॅग्नमचीही तेवढीच, फक्त लांबी जास्त. लोक याला २५/६४ इंचाचा बिट लावतात, ९.९२ मिमी. म्हणजे मोकळी जागा जेमतेम ०.२९ मिमी. आता रेड ओक, ज्याचे पॅलेट, म्हणजे माल ठेवायचे लाकडी सांगाडे, इथे ढिगाने मिळतात, तो साध्या चिरलेल्या फळीत प्रत्येक एक टक्का ओलाव्यामागे आडवा साधारण ०.३७ टक्के हलतो. उघड्यावर पडलेल्या पॅलेटमध्ये ओलावा १६ टक्के होता, तुम्ही तशीच भोकं पाडली, मग ब्लॉक हीटर चालू असलेल्या घरात जाऊन ७ टक्क्यांवर आला. नऊ टक्के फरक, म्हणजे आडवं माप ३.३ टक्क्यांनी कमी, म्हणजे भोक ९.९२ वरून ९.५९. केस ९.६३ ची. संपला विषय. बिटाचा दोष नाही, काडतुसाचा नाही, रिलोडिंगच्या डायचा, म्हणजे रिकामी केस परत भरताना वापरायच्या साच्याचा, पण नाही ज्याला लोक उगाच शिव्या घालतात.

तेच डग्लस फर असतं तर भोक ९.६८ च्या आसपास थांबलं असतं, काडतूस कुरकुरत का होईना निघालं असतं. आणि तोच ओक पण फळी अशी चिरलेली की वर्षवलयं तोंडाला उभी दिसतात, ज्याला इथे क्वार्टर सॉन म्हणतात, तर हालचाल निम्म्याहून कमी, भोक ९.७८, काहीच त्रास नाही. म्हणजे पॅलेटच्या ढिगातून फळी उचलताना नुसतं रंगरूप बघू नका, टोकाकडे बघा, वलयं आडवी आहेत का उभी.

उपाय, लाकूड आकसलं असेल तर

ब्लॉक फेकू नका. पण परत तोच ड्रिल पण मारू नका, अंडाकृती भोकात बिटाला मध्य सापडत नाही आणि तो एका बाजूला खात जातो. आठ मिमीच्या लाकडी दांडीला एका टोकाला चीर पाडा, त्यात १२० नंबरचा पॉलिश पेपर अडकवून गुंडाळा, आणि फक्त आडव्या बाजूच्या दोन भिंती घासा. रेषांच्या टोकाकडच्या भिंती बरोबर मापाच्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही. डमी काडतूस स्वतःच्या वजनाने खाली गेलं आणि ब्लॉक उलटा केल्यावर स्वतःहून पडलं की थांबा.

नवीन करताना पॉइंट ३८ ला सरळ १३/३२ इंच घ्या, म्हणजे १०.३ मिमी. मागची कड ०.४४० इंच, म्हणजे ११.२ मिमी आहे, धसायची भीती नाही, आणि वर सांगितलेली नऊ टक्क्यांची आकस झाली तरी भोक ९.९८ राहतं. "किती घट्ट बसतंय बघ" म्हणून कौतुकाने बारीक भोक पाडणाऱ्यांना मी हात जोडतो, हा दागिन्यांचा डबा नाहीये, लोडिंग टेबलवर मागे चार माणसं थांबलेली असतात.

पॉइंट ४५ कोल्टचं वेगळंच दुखणं

इथे मोठा बिट हा उपाय चालत नाही. केस ०.४८० इंच, म्हणजे १२.१९ मिमी, आणि मागची कड ०.५१२ इंच, म्हणजे जेमतेम १३ मिमी. या काडतुसाची कड फारच कंजूष आहे. अर्धा इंचाचं भोक १२.७ मिमी होतं, म्हणजे काडतूस कडेवर लटकवलं तर प्रत्येक बाजूला फक्त ०.१५ मिमीचा आधार. ऍरिझोनासारख्या कोरड्या हवेत ७ टक्क्यांवरच्या ओकमध्ये भोकं पाडली आणि ब्लॉक आमच्या ह्यूस्टनला आला, जिथे लाकूड १३ टक्क्यांच्या आसपास जाऊन बसतं, तर आडवं माप १२.९८ होतं, त्या दोन बाजूंचा आधार जवळजवळ संपतो आणि काडतूस कलून आत धसू शकतं. उलट दिशेने, आमच्याकडे ओल्या लाकडात पाडलेलं भोक तिकडे गेलं की १२.३ च्या आसपास, म्हणजे घट्ट. एकाच मापाच्या ब्लॉकबद्दल दोन गावांतून दोन उलट्या तक्रारी येतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून ४५ कोल्टला कडेवर लटकवूच नका. भोक आरपार न पाडता तळ ठेवा आणि काडतूस नाकावर उभं करा. काउबॉयच्या गोळ्या शिशाच्या आणि बहुतेक सपाट नाकाच्या असतात, कारण लिव्हर रायफलच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात आणि टोकदार नाक पुढच्याच्या प्रायमरवर टेकलेलं कुणालाच नको असतं. ते सपाट नाक तळावर मस्त उभं राहतं. पूर्ण काडतूस जास्तीत जास्त ४०.६ मिमी लांब, भोक २८ ते ३० मिमी खोल ठेवलं की वर बोटात धरायला पुरेसं उरतं. मग भोक १३ मिमी केलं तरी काही बिघडत नाही, कड कुठे टेकतच नाही. तळाला मधोमध सहा मिमीचं आरपार भोक मारा, कचरा पडून जातो आणि अडकलं तर खालून ढकलता येतं. सपाट तळासाठी फोर्स्टनर बिट हवा. तो नसेल तर वरची फळी आरपार भोकांची आणि खाली दुसरी पातळ फळी चिकटवा, फक्त दोन्हींच्या रेषा एकाच दिशेने ठेवा, आडव्या-उभ्या चिकटवल्या तर एक ओढते आणि एक हलत नाही, वर्षभरात जोड उघडतो.

बारा बोअरच्या शॉटगन शेलला २१ मिमी घ्या. १३/१६ इंचाचा फोर्स्टनर पण मिळतो, पण तो २०.६ आहे आणि काही कंपन्यांच्या शेलचा पितळी भाग त्यात घासतो.

भोक गोल आहे पण बारीक आहे

इथे दोषी दोनच. एक, बोथट बिट. पाइनसारख्या मऊ लाकडात बोथट बिट तंतू कापत नाही, दाबून बाजूला सारतो, पुढे दमट हवा लागली की दाबलेले तंतू परत उठतात. धार लावलेला ब्रॅड पॉइंट, म्हणजे मधोमध टोक असलेला, बिट आणि ड्रिल प्रेसचा वेग जरा कमी, एवढ्याने भागतं. धातूसाठीचा साधा ट्विस्ट बिट जुन्या लाकडात रेषेबरोबर भरकटतो, तो टाळाच.

दोन, पॉलिश. ब्रशने पॉलियुरेथेन मारताना ते भोकात ओघळतं आणि दोन हातांत सहज ०.२ मिमी खातं. पाण्याचं पॉलिश तर तुसं पण उभी करतं. भोकांत कागदाचे बोळे कोंबून मगच बाहेरून पॉलिश करा. जवसाचं तेल भोकात नकोच, आठवडे चिकट राहतं आणि काडतुसाला, प्रायमरला तेल लागणं कुणाला परवडत नाही. शिवाय त्या तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात, ही अफवा नाहीये. मी बाहेरून लाखेचं पॉलिश मारतो, लवकर सुकतं आणि वास पण राहत नाही. आणि हो, कुठलंही पॉलिश ओलावा थांबवत नाही, फक्त उशीर करतं.

पितळ काळं-हिरवं, शिशावर पांढरी पूड

ही तक्रार कमी येते पण मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते. ओकमधून ॲसिटिक ॲसिडची वाफ सतत, अगदी थोडी थोडी, निघत असते, आणि लाकूड शंभर वर्षं जुनं असलं तरी ती पूर्ण थांबत नाही. म्युझियमवाले शिशाच्या वस्तू ओकच्या कपाटात ठेवत नाहीत ते यासाठीच. चेस्टनट आणि वेस्टर्न रेड सीडर पण त्याच पंगतीतले. काउबॉयच्या गोळ्या उघड्या शिशाच्या, वर तांब्याचं आवरण नाही, त्यामुळे बंद डब्यात ओकच्या ब्लॉकमध्ये हिवाळाभर ठेवल्या तर वर पांढरी पूड येते. ती शिशाची कार्बोनेट असते, विषारी. फुंकू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका, हातमोजे घालून ओल्या कागदाने पुसा, कागद पिशवीत बंद करून टाका आणि हात धुवा. चामड्याच्या पट्ट्यात ठेवलेली काडतुसं हिरवी पडतात हे काउबॉय मंडळींना माहीत असतं, पण लाकडावर त्यांचा संशयच जात नाही.

पॉलिश मारून हे टळत नाही. ब्लॉक मॅचच्या दिवसापुरता, एरवी काडतुसं आपल्या खोक्यात. हे ज्याला जमणार नाही त्याने ओक सोडून मेपल किंवा पॉपलर बघावं.

जुनं लाकूड निवडताना

पॅलेटवर शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता दिलेलं, गाभा ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घेऊ नका. आणि इथे बरेच जण फसतात: एचटी म्हणजे वाळवलेलं नव्हे, ते किडे मारायला असतं, आत पाणी भरपूर असू शकतं. वाळवलेल्याला केडी लिहिलेलं असतं, पण तेही पावसात पडलं असेल तर त्या शिक्क्याचा काय उपयोग. ओलाव्याचं मीटर नसेल तर तुकडे मधे पट्ट्या ठेवून घरात रचा, एका तुकड्याचं किचनच्या वजनकाट्यावर अधूनमधून वजन करा, दोन आठवडे वजन हललं नाही की लाकूड तुमच्या हवेला आलं. त्याआधी ड्रिल नाही. आणि ब्लॉक दुसऱ्या गावच्या माणसाला द्यायचा असेल तर तो कुठे राहतो आणि कुठे ठेवणार हे आधी विचारा.

पॅलेटच्या वरच्या पट्ट्या पातळ असतात, २८ मिमी खोल भोकाला पुरत नाहीत, त्यामुळे खालचे आडे घ्या, ते साधारण दीड इंच असतात. त्यात खिळे असतातच, तुटून आत राहिलेले पण. चुंबक फिरवा, आणि ओकमध्ये निळा-काळा डाग दिसला की खाली लोखंड आहे असंच धरा. रेल्वेचे स्लीपर क्रिओसोटचे असतात, नको. १९७८ च्या आधीच्या घरातलं रंगवलेलं लाकूड शिशाच्या रंगाचं असू शकतं, नको. हिरवट झाक असलेलं जुनं डेकचं लाकूड नको, २००३ संपेपर्यंत इथे घरगुती वापराच्या लाकडात आर्सेनिकचं औषध चालायचं.

आपल्याकडे पुण्यात वाडे पडतात तेव्हा निघतो तो जुना साग या कामाला अफलातून आहे. ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत साग आडवा साधारण ५.८ टक्के आकसतो, रेड ओक ८.६. इथे तसा साग हाताला लागत नाही. काडतुसांचा विषय तिकडे आर्म्स ॲक्टचा आणि लायसन्सचा, पण ड्रिल बिट ठेवायचे ब्लॉक करणाऱ्यांना वरचं भोकांचं सगळं गणित तसंच लागू पडतं.

ब्लॉक मधूनच चिरला तर

पाच किंवा दहा भोकं एकाच रेषेवर रांगेत आली की तिथे लाकूड फाडायची खूण केल्यासारखंच होतं. लांब ओळ रेषांना आडवी घ्या, किंवा एक सोडून एक ओळ अर्ध्या अंतराने सरकवा. पॉइंट ३८ ला मध्यापासून मध्यापर्यंत १६ मिमी, ४५ ला १९, आणि टोकापासून पहिलं भोक दोन सेंटिमीटर तरी आत. आधीच चीर गेली असेल तर पातळ केलेला एपॉक्सी आत सोडून क्लॅम्प लावा, भोकांत मेण लावलेल्या दांड्या घालून ठेवा म्हणजे एपॉक्सी आत शिरणार नाही, आणि सुकल्यावर परत दोन्ही दिशांनी मोजा, कारण क्लॅम्पने आडवं माप कमी झालेलं असतं.